तीन सेलच्या बॅटरीच्या बदल्यात

आमच्या दिवाणखान्यात एक काचेचे कपाट आहे. अशा कपाटात काय काय असते ते वाचकांना सांगायला नको. मुलीने शाळेत मिळवलेले पेले, काश्मीरची लाकडी होडी, कन्याकुमारीचे शंख आणि लग्नात आहेर म्हणून आलेला, पाहुण्यांसाठी जपून ठेवता ठेवता कधीच न वापरलेला चहाचा सेट. आमच्याही कपाटात हे सगळे आहे. पण मधल्या फळीवर, अगदी दर्शनी जागी, सदतीस वर्षे एक शिसवी पाटी उभी होती आणि त्या पाटीवर, काडेपेटीहून थोडी मोठी, एका कोपऱ्यात दुमडलेली धातूची पट्टी स्क्रूने बसवलेली होती. घरी आलेला पाहुणा शंखांकडे पाहत नसे. तो पाटीकडे बोट करून विचारी, "हे काय?" आणि मी त्याच प्रश्नाची वाट पाहत असे.

"विमान," मी म्हणायचो. "दुसऱ्या महायुद्धातलं. अरुणाचलच्या डोंगरात पडलेलं."

मग चहा निवेपर्यंत गोष्ट चाले. ती मी किती वेळा सांगितली असेन याची गणती नाही. प्रत्येक वेळी डोंगर थोडा उंच होत असे आणि मी थोडा धाडसी. आज तीच गोष्ट लिहायला बसलो आहे, पण या वेळी ती जशी घडली तशी सांगायची आहे.

१९८३ साली बँकेने माझी बदली दिब्रुगडला केली. पुण्याच्या माणसाला त्या काळी आसाम म्हणजे चहा, गेंडा आणि भूगोलाच्या पुस्तकातला पाऊस. शिवाय तिथे आंदोलन चालू होते. नातेवाइकांनी अशा चेहऱ्याने निरोप दिला, की आम्ही काही परत येत नाही. सौ.ने मात्र बाडबिस्तरा बांधताना एकच चिंता केली : वस्तू हरवू नयेत. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव घातलेले असते. वाटी, फुलपात्र, डबा, पोळपाटाची कडसुद्धा! दिवाळीला आम्ही पुण्यात आलो होतो तेव्हा मी नवी तीन सेलची बॅटरी घेतली. तीसुद्धा तिने रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात नेली आणि तिथल्या नाव घालणाऱ्याकडून तिच्या चकचकीत नळीवर माझे नाव, आडनाव, 'पुणे' आणि 'दिवाळी १९८३' असे ठसठशीत कोरून आणले. मी हसलो. "जंगलात कोण वाचणार आहे?" म्हणालो.

दिब्रुगडला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली. आमच्या भाड्याच्या घराचे कुंपण लोखंडी पट्ट्यांचे होते आणि प्रत्येक पट्टीला ओळीने गोल भोके. शेजारच्या घरालाही तसेच. पुढच्या गल्लीत गोठ्याला, ओढ्यावरच्या साकवाला, शाळेच्या फाटकालासुद्धा तेच. मला वाटले, इथे अशा पट्ट्यांचा कारखाना असावा. आमचे हेडकॅशियर मूळचे तिथलेच. त्यांनी पान लावता लावता सांगितले, "ही धावपट्टी आहे."

खरोखरच ती धावपट्टी होती. महायुद्धात चिखलावर विमाने उतरवण्यासाठी अमेरिकनांनी या पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून अंथरल्या होत्या. लांबी दहा फूट, रुंदी सव्वा फूट, वजन तीस किलो. भोके सत्त्याऐंशी. ती मी एका रविवारी मोजली आहेत. युद्ध संपले, सैन्य गेले आणि धावपट्टी उठून घरोघरी कुंपण होऊन उभी राहिली. मला ही गोष्ट फार आवडली. आमच्या कोकणात आगबोट फुटली की तिची दारे किनाऱ्यावरच्या घरांना लागत, त्यातलाच हा प्रकार.

आणि मग मला छंद जडला. छंद म्हणजे काय, रविवारी सायकल काढायची आणि महायुद्धाचे अवशेष शोधत हिंडायचे. एका चहामळ्याच्या क्लबात भिंतीवर विमानाच्या पंख्याचे वाकडे पाते टांगलेले होते आणि त्याच्याखाली बसून साहेब मंडळी ब्रिज खेळत. पेट्रोलचे जुने पिंप कापून केलेली चूल पाहिली. तिनसुकियाच्या भंगारवाल्याकडे हिरवट-पिवळा रंग लावलेला अॅल्युमिनियमचा पत्रा पाहिला. तो पत्रा बोटाने वाजवला तर आपल्या पातेल्यासारखा बद्द आवाज येत नाही, टणत्कार येतो. तो साधा अॅल्युमिनियम नव्हे, तांबे मिसळून कठीण केलेला आणि वरून शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला. म्हणून चाळीस वर्षे पावसात पडूनही त्याला काही झालेले नसते.

इतकी विमाने तिथे पडली तरी का? थोडक्यात सांगतो. १९४२ च्या वसंतात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद पोचवणारा रस्ता तुटला. चीन लढत राहायला हवा तर माल आकाशातून न्यायला हवा, असे ठरले. आसामातल्या चबुआ, दिंजान, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर अशा धावपट्ट्यांवरून विमाने उठत आणि हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून सुमारे पाचशे मैलांवरच्या कुनमिंगला उतरत. पेट्रोल, दारूगोळा, औषधे, सुटे भाग, जे लागेल ते. वैमानिकांनी या डोंगररांगांना नाव दिले 'हम्प', म्हणजे वशिंड. नाव गमतीचे, पण प्रवास गमतीचा नव्हता. पंधरा हजार फुटांची शिखरे, पंखांवर साचणारे बर्फ, ताशी शंभर मैलांहून जोरात वाहणारे वारे आणि नकाशे असे, की त्यांत बरीचशी जागा पांढरी. १९४५ च्या नोव्हेंबरपर्यंत या वाटेने साडेसहा लाख टन माल गेला. जवळजवळ सहाशे विमाने गेली, तेराशेहून अधिक माणसे गेली आणि साडेतीनशेच्या आसपास माणसांचे काय झाले ते कळलेच नाही. वैमानिक या मार्गाला 'अॅल्युमिनियमची वाट' म्हणत. आभाळ निवळले की खाली पडलेल्या सोबत्यांचे पत्रे उन्हात चमकत आणि त्यांवरून दिशा कळे.

सगळेच मेले असे नाही. हजाराहून अधिक जण छत्रीने उतरून किंवा पडक्या विमानातून बाहेर येऊन, पायी चालत परतले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये एरिक सेव्हराइड नावाचा अमेरिकन वार्ताहर आणि त्याच्या बरोबरची मंडळी इंजिन बंद पडल्यामुळे नागा डोंगरांवर उडी मारून उतरली. जखमींसाठी एक डॉक्टर आणि त्याचे दोन मदतनीस मागाहून छत्रीने खाली उतरले. नागांनी त्यांना ठेवून घेतले आणि मोकोकचुंगचा इंग्रज अधिकारी पायी जाऊन सर्वांना घेऊन आला. पण परतायला गाव सापडावे लागते. ज्यांना ते सापडले नाही, त्यांच्याबद्दल मी त्या दिवसांत फारसा विचार करत नसे. मला पत्रा हवा होता.

१९८४ च्या डिसेंबरात तो योग आला. पासीघाटच्या वर, सियांग नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांना कर्जे देता येतील का याची पाहणी करायला मला पाठवले. ब्रह्मपुत्रेवर तेव्हा तिथे पूल नव्हता. दिब्रुगडहून बोटीने पलीकडे, मग जीप आणि जीपचा रस्ता संपला की पाय. सरकारी कृषिखात्याचा एक तरुण आदी अधिकारी बरोबर होता, तोच माझा दुभाष्या. दीड दिवस चालून आम्ही एका आदी गावात पोचलो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. नाव छापून आले की भंगारवाले आणि माझ्यासारखे हौशी, दोघेही पोचतात.

बांबूची, खांबांवर उभी असलेली घरे. मध्ये चूल, चुलीवर टांगलेल्या फळ्यांवर धुरात सुकणारे मांस. गावबुढ्याने सरकारी लाल कोट घालून आमचे स्वागत केले आणि तांदळाची अपोंग पुढे केली. मी पुणेरी संकोचाने ती ओठांना लावली. ज्या ताटात आम्हाला भात वाढला ते ताट बोटाने वाजवले आणि मी ताठ बसलो. टणत्कार!

माझी उत्सुकता पाहून एक शिकारी पुढे आला. पन्नाशी उलटलेला, बुटका, पोलादी पोटऱ्यांचा माणूस. त्याच्या दाओच्या म्यानावर, आपल्याकडे तलवारीच्या म्यानाला चांदीची पट्टी असते तशी, एक पट्टी वेताने बांधलेली होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरे आणि ठोकून उमटवलेले आकडे.

त्याने सांगितलेली हकीकत अशी. तो पोरसवदा असताना, थंडीत, एका रात्री डोंगरावर मोठा आवाज झाला आणि धारेवर उजेड दिसला. बर्फ वितळल्यावर बापाबरोबर तो वर गेला. कोसळलेला पक्षी असावा तसे ते दिसले. पुढे गावाने अनेक वर्षे तिथून पत्रा आणला. त्याची ताटे केली, पातेली केली, कोंबड्यांच्या खुराड्याला दारे केली.

"आणि माणसं?" मी विचारले.

शिकाऱ्याने एका हाताची बोटे वर केली, मग दुसऱ्या हाताची काही, मग हात खाली घेतला. दुभाष्याने सांगितले, "होती म्हणतो. त्यांना हात लावला नाही. वर दगड ठेवले."

मी मान हलवली. पुढचा प्रश्न विचारला तो पट्टीचा.

ती तो द्यायला तयार होता. पैसे नकोत म्हणाला. त्याची नजर माझ्या बॅटरीवर होती. मी तिचे बटण दाबून प्रकाशाचा झोत समोरच्या डोंगरावर टाकला, तेव्हा चुलीभोवतीची सगळी पोरे ओरडली. सौदा ठरला : तीन सेलची बॅटरी, वर सहा जादा सेल. त्याने वेत कापला, पट्टी माझ्या हातात दिली आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, उद्या चला, जागा दाखवतो. दोन दिवस चढ आहे."

त्या काळी बँकांचे वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. दोन दिवस वर, दोन दिवस खाली, मग परतीचा प्रवास. म्हणजे वर्षअखेरच्या हिशेबाला मी जागेवर नसणार. शाखाधिकाऱ्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हटले, "पुढच्या वर्षी येईन."

पुढच्या वर्षी गेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याला बदली झाली.

पुण्यात ओळखीच्या सुताराकडून शिसवाची पाटी करून घेतली. पट्टीला मुळातली भोके होती, पण ती कोपऱ्यात आणि फाटलेली. सुतार म्हणाला, "साहेब, अशानं हलेल ती. मधे दोन स्क्रू घालतो, एकदम सरळ बसेल." त्याने गिरमीट चालवले. पट्टी खरोखरच झकास बसली. उजवीकडचा स्क्रू आकड्यांच्या ओळीत गेला होता. शेवटचे दोन आकडे त्याच्याखाली गेले. मी म्हटले, बाकीचे दिसताहेत ना, मग झाले.

आता मधली तीस वर्षे सोडून देतो. त्या वर्षांत मी पाहुण्यांना गोष्ट सांगितली, यापलीकडे काही घडले नाही.

सेवानिवृत्तीनंतर मुलीने मला संगणकावर वाचायला शिकवले आणि एका दुपारी सियांग खोऱ्यातल्याच एका विमानाची हकीकत समोर आली. लिबरेटर जातीचे, चार इंजिनांचे बाँबफेकी विमान. नाव 'हॉट अॅज हेल'. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून चबुआला यायला निघाले, आत आठ माणसे, आले नाही. कुठे पडले हे माहीत नसल्यामुळे शोधायला कोणी गेलेही नाही. बासष्ट वर्षांनी, २००६ च्या डिसेंबरात, क्लेटन कुल्स हा अमेरिकन गृहस्थ स्थानिक शिकाऱ्यांना घेऊन, पदरचे पैसे खर्चून तिथपर्यंत चढला. या माणसाने ब्रह्मदेश, अरुणाचल आणि आसपासच्या डोंगरांत अशी वीसहून अधिक विमाने शोधली आहेत. सीमेजवळचा मुलूख असल्यामुळे पुढच्या परवानग्यांत वर्षे गेली. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या पथकाने तिथे खोदकाम केले, २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीहून अवशेष सन्मानाने रवाना झाले आणि २०१७ मध्ये आठांपैकी एका फर्स्ट लेफ्टनंटची ओळख पटून जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या गावी त्याचे दफन झाले. घर सोडल्यानंतर सत्तराहून अधिक वर्षांनी. भारताच्या भूमीवर बेपत्ता असलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या सुमारे चारशे सांगतात.

पण मला खिळवून ठेवले ते दुसऱ्याच एका तपशिलाने. १९४३ च्या मध्यापासून एखादे विमान हरवले की अमेरिकन हवाईदल एक अहवाल भरत असे. विमान कुठून निघाले, हवा कशी होती, आत कोण होते, त्यांच्या आईचे किंवा बायकोचे नाव-पत्ते काय. आणि त्याच कागदावर विमानाच्या प्रत्येक इंजिनाचा क्रमांक आणि प्रत्येक मशीनगनचा क्रमांक. म्हणजे शेपटीवरचा मोठा क्रमांक जळून गेला, तरी इंजिनावरची एक बोटभर पट्टी पुरे. त्या आकड्यांवरून कागद सापडतो, कागदावरून माणसे सापडतात.

मी संगणक तसाच ठेवून कपाटाकडे गेलो.

तिकडे अशा अहवालांचा अभ्यास करणारे हौशी लोक बरेच आहेत. त्यांच्यापैकी एका वृद्ध गृहस्थांना मुलीच्या मदतीने पट्टीचे छायाचित्र पाठवले. आठच दिवसांत उत्तर आले. पट्टी इंजिनाचीच आहे. इंजिन प्रॅट अँड व्हिटनीच्या चौदा सिलिंडरवाल्या प्रकारचे. अडचण अशी, की हे इंजिन जगात सर्वांत जास्त बनले, १ लाख ७३ हजारांहून अधिक. डाकोटा विमानाला ही इंजिने दोन, लिबरेटरला चार. दिसणाऱ्या आकड्यांनी सुरू होणारी इंजिने हरवलेल्या एकाहून अधिक विमानांवर होती. खाली त्यांनी अत्यंत सभ्यपणे दोन प्रश्न विचारले होते. स्क्रूखालचे दोन आकडे कोणते? आणि पट्टी नेमकी कुठे मिळाली?

स्क्रू काढून पाहिला. आकड्यांच्या जागी स्वच्छ, गोल भोक. सुताराचे काम नीटस होते.

दुसऱ्या प्रश्नाला मी गावाचे नाव लिहिले. त्यावर त्यांनी विचारले, गावापासून विमान किती दूर, कुठल्या धारेवर, किती इंजिने दिसतात? मी लिहिले, मी वर गेलो नव्हतो. कारण विचारण्याचा आगाऊपणा त्यांनी केला नाही, पण ते कारण माझे मलाच रोज आठवू लागले. बँकेचा हिशेब त्या साली जुळला होता, हेही आठवले.

या छंदाची दुनिया मोठी आहे, हे मला तेव्हा कळले. इंग्लंडात १९४० साली शाळकरी पोरे पडलेल्या जर्मन विमानांचे तुकडे खिशात भरून आणत आणि गोट्यांसारखी त्यांची अदलाबदल करीत. ती पोरे मोठी झाली आणि त्यांनी शेतांतून, दलदलींतून विमाने उकरायला सुरुवात केली. शेवटी १९८६ मध्ये तिथे कायदा झाला. आता लष्करी विमानाच्या अवशेषांना सरकारच्या परवान्याशिवाय हात लावणे हा गुन्हा आहे आणि आत माणसांचे अवशेष असण्याचा संभव असेल तर परवाना सहसा मिळत नाही. दुसरीकडे याच वस्तूंचा बाजारही आहे. तळहाताएवढा पत्रा, सोबत प्रमाणपत्र आणि इंटरनेटवर लिलाव. मी काही दिवस तो बाजार पाहिला. विकणारे आणि घेणारे बहुधा सज्जन असावेत, मीही सज्जनच होतो. पण माझे मत आता असे झाले आहे, की ज्या आदी बाईने त्या पत्र्याचे पातेले करून त्यात पोरांसाठी भात रांधला, तिचे काहीच चुकले नाही. तिला भांडे हवे होते, तिने ते केले. भांड्याला पत्रा पुरतो. मी मात्र नेमका आकडे असलेला तुकडा निवडला, तो गोष्ट म्हणून मिरवला आणि गोष्टीतला जो भाग खरा होता त्यावर स्क्रू मारला.

मुलगी म्हणाली, "बाबा, चला. आता तर विमान दिब्रुगडला उतरतं."

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघे निघालो. सौ.चे गुडघे, त्यामुळे ती घरी. दिब्रुगडचा विमानतळ म्हणजे युद्धकाळातली मोहनबारीची धावपट्टी. उतरताना मी ते मुलीला सांगितले आणि तिने पहिल्यांदाच माझी गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. ब्रह्मपुत्रेवर आता बोगीबीलचा पूल आहे, २०१८ च्या डिसेंबरात तो खुला झाला. ज्या नदीने मला तेव्हा अर्धा दिवस घ्यायला लावला, ती मोटारीने काही मिनिटांत ओलांडली. पासीघाटला दोनच महिन्यांपूर्वी, २०२३ च्या नोव्हेंबरात, 'हम्प'चे संग्रहालय उघडले होते. विमानांच्या सांगाड्याचे तुकडे, मशीनगन, प्राणवायूची नळकांडी असे डोंगरांतून खाली आणलेले बरेच काही तिथे मांडले आहे. मी पट्टी खिशात घेऊनच तिथे हिंडलो. का कोण जाणे, काढून दाखवायचा धीर झाला नाही.

गावापर्यंत आता रस्ता आहे. बऱ्याच घरांवर पत्रे आले आहेत, शाळा आहे, भ्रमणध्वनीला एका ठराविक दगडावर उभे राहिले तर आवाज येतो. माझा शिकारी पंधरा वर्षांपूर्वी वारला होता. त्याचा नातू गावच्या शाळेत मास्तर. मी हिंदीत माझी ओळख सांगू लागलो, १९८४ साल, बँक, पाहणी वगैरे. त्याने मला मध्येच थांबवले. आत गेला आणि चुलीच्या वरच्या फळीवरून धुराने काळी झालेली एक नळी घेऊन आला. अंगठ्याने काजळी पुसली.

माझे नाव. माझे आडनाव. पुणे. दिवाळी १९८३.

देवनागरी अक्षरे असल्यामुळे शाळेत हिंदी शिकलेल्या प्रत्येक पोराने ती वाचली होती. मास्तर म्हणाला, लहानपणी आम्ही याच अक्षरांवर वाचायला शिकलो. आजोबा सांगत, हा माणूस परत येणार आहे, त्याला जागा दाखवायची आहे. सेल संपल्यावर आणि आतली पट्टी गंजल्यावरही त्यांनी बॅटरी टाकली नव्हती.

मला बोलता येईना. मुलीनेच पट्टी माझ्या खिशातून काढून मास्तरापुढे ठेवली आणि सगळे सांगितले, स्क्रूसुद्धा. तो ती बराच वेळ उलटसुलट करून पाहत होता. मग म्हणाला, "साब, तुम्हाला आता वर येता येणार नाही. मी जाईन. हिच्यासकट जाईन."

सत्तरीच्या माणसाला दोन दिवसांचा चढ जमणार नव्हता, हे मलाही दिसत होते. एकतिसाव्या वर्षी तो जमला असता.

पावसाळ्यापूर्वी, एप्रिलमध्ये, छायाचित्रे आली. वेळूच्या बेटात शेवाळलेले इंजिन. त्याच्या पुढच्या बाजूला एक कोरा चौकोन, कोपऱ्यांत चार भोके. शेजारच्या चित्रात मास्तरने त्या चौकोनावर पट्टी धरली होती आणि दुमडलेला कोपरासुद्धा जिथल्या तिथे बसला होता. आणखी वर, धारेच्या अलीकडे, दुसरे इंजिन आणि ओढ्यात अर्धे बुडालेले तिसरे. तीन इंजिने! म्हणजे डाकोटा नव्हे. थोड्या अंतरावर दगडांची एक लांबट रास होती, तिचे त्याने दुरूनच एक चित्र घेतले होते. सोबत अक्षांश-रेखांश.

ते सर्व आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना पाठवले आणि त्यांच्या सल्ल्याने अमेरिकन सरकारच्या शोधखात्याकडेही. गृहस्थांचे उत्तर आले, की आता यादी फार लहान उरली आहे. खात्याचे काम सरकारी चालीने होते, तिकडे वर्षे लागतात हे मला ठाऊक आहे. अजून काही कळलेले नाही. पट्टी पासीघाटच्या संग्रहालयात द्यायची, तिच्याशेजारी ती कुठल्या धारेवरून आली ते लिहून, असे मास्तरचे आणि माझे ठरले आहे.

निघायच्या दिवशी एक गोष्ट झाली ती राहिली. मी पट्टी मास्तरच्या हाती दिल्यावर त्याने बॅटरी माझ्या हातात ठेवली. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, पट्टी परत आली, तर बॅटरी परत गेली पाहिजे, नाहीतर आजोबांचा सौदा खोटा होईल.

शिसवी पाटी मी माळ्यावर टाकली. तिच्या जागी कपाटात आता ती बॅटरी आहे, काजळीसकट. पुण्याला पोचलो त्या संध्याकाळी सौ.ने ती हातात घेतली, चष्मा लावला आणि नळी फिरवून अक्षरे नीट वाचून पाहिली.

"बघा," ती म्हणाली, "आणि तुम्ही हसला होतात."